सार्त्रच्या पॅरिसमधून कामूच्या गावाला

मोंपार्नासच्या दफनभूमीत फ्रेंच तत्त्वज्ञ-लेखक सार्त्र शोधावा लागत नाही. एदगार किने मेट्रो स्टेशनातून बाहेर पडायचं, मुख्य फाटकातून आत शिरून उजवीकडे वळायचं. दगडावर दोनच नावं, सार्त्र आणि त्याची जोडीदार, लेखिका सिमोन द बोव्हार. सोबत लिपस्टिकचे ठसे, जुनी मेट्रो तिकिटं आणि चिठ्ठ्या. १९८० साली त्याच्या अंत्ययात्रेला हजारोंची गर्दी लोटली होती, आणि ती अजून पांगलेली नाही असंच वाटतं.

तिथून सँ-जर्मँला गेलो. सार्त्रच्या नेहमीच्या कॅफे द फ्लोरमधली कॉफी प्यायली. पैसे कॉफीचे नाही, कॅफेच्या नावाचेच जातात. मला पाहायचं होतं ते रू बोनापार्तवरचं ४२ नंबरचं घर. सार्त्र इथे आईसोबत राहायचा. अल्जीरिया या फ्रेंच वसाहतीच्या स्वातंत्र्याची उघड बाजू घेतली म्हणून १९६१ आणि ६२ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी या घरावर बॉम्बहल्ले केले.

दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनाहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने दक्षिणेतलं एक्स शहर, पुढे बसने लुर्मारँ. लेखक कामूने नोबेलच्या पैशातून १९५८ साली या गावात घर घेतलं. (सार्त्रने १९६४ मध्ये तेच नोबेल नाकारलं!) १९६० च्या जानेवारीत कामू पॅरिसला निघाला तो इथूनच. प्रकाशकाच्या पुतण्याच्या गाडीतून गेला, वाटेत अपघातात मरण पावला. खिशात न वापरलेलं रेल्वेचं तिकीट सापडलं. गावाबाहेरच्या दफनभूमीत ओबडधोबड दगडावर नाव आणि सालं, एवढंच. भोवती झुडपं माजलेली. तिथे माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

एकेकाळच्या या मित्रांचं बिनसलं १९५२ मध्ये. माणूस स्वतंत्र आहे, आणि निवड न करणं हीसुद्धा निवडच, असं सार्त्र म्हणे. त्यामुळे इतिहासात बाजू घ्यावीच लागते, हात माखले तरी. कामूचं म्हणणं, बंडालाही मर्यादा हवी. उद्याच्या न्यायासाठी आजची माणसं मारायची मुभा कोणालाच नाही. सोव्हिएत छळछावण्यांबाबत कामू स्पष्ट बोलला. सार्त्रने त्या नाकारल्या नाहीत, पण त्याच्या बोलण्यात 'पण' फार असायचे. इथे मी बिनशर्त कामूकडे.

अल्जीरियावर मात्र माझी पंचाईत होते. कामू तिथलाच, गरीब घरातला. आई निरक्षर आणि जवळजवळ बहिरी. १९५७ साली स्टॉकहोममध्ये तो म्हणाला, अल्जीयर्सच्या ट्राममध्ये बॉम्ब फुटतायत, त्यातल्या एखाद्या ट्राममध्ये माझी आई असू शकते. हाच न्याय असेल तर मी आईची बाजू घेईन. पॅरिसमधल्या डाव्यांनी त्याला झोडपलं. चारेक वर्षांत बॉम्ब सार्त्रच्या दारातही फुटले, तेही आईच्याच घरात, फक्त दुसऱ्या बाजूचे. तरी सार्त्रने भूमिका सोडली नाही. वसाहतीच्या प्रश्नावर तो बरोबर होता, असं मला वसाहतीतल्या माणसांचा नातू म्हणून वाटतं. कामूला मात्र पूर्ण स्वातंत्र्य शेवटपर्यंत पटलं नाही.

२००९ मध्ये कामूचे अवशेष पॅरिसच्या पाँतेआँमध्ये, म्हणजे थोरांच्या राष्ट्रीय स्मारकात, हलवायचा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष सार्कोझींनी मांडला होता. मुलाने विरोध केला, म्हणून कामू अजून लुर्मारँमध्येच आहे. जायचं तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी गावात बाजार भरतो आणि पाय ठेवायला जागा नसते.