कौल, एआय आणि जत्रेची पत्रिका

आज जत्रेच्या पत्रिकेसाठी क्षेत्रमाहितीचा कच्चा मजकूर एआयकडून करून घेतला. भाषा नीटनेटकी होती, मात्र म्हाळसा देवी मूळची गोव्यातल्या म्हार्दोळचीच, असे त्याने ठामपणे लिहिले होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने देवीला सासष्टीतल्या वेर्ण्याहून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडच्या म्हार्दोळला, आणले, हे आमच्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ते वाक्य मी काढून टाकले.

ते पाहत बसलेला पुतण्या काकीला म्हणाला, "जमिनीसाठी कौल कशाला लावता, यालाच विचारा की!" काकी नुसत्या हसल्या. मला मात्र दोहोंची तुलनाच गैरलागू वाटते. एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा कागद, देवाकडे कोणी मागत नाही. सगळी माहिती हाताशी असूनही मन ठरत नाही, तेव्हा मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणे घातले जाते आणि कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचा कौल समजतो. कधी कधी बराच वेळ एकही पाकळी पडत नाही, तेव्हा सगळे मुकाट्याने थांबतात. एआयला थांबणे फारसे जमत नाही. विचारले की उत्तर हजर, मग ते खरे असो वा नसो.

पत्रिका नेहमीप्रमाणे लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जुळवली आणि ओडीटी या खुल्या फाइल-स्वरूपात ठेवली. हे स्वरूप 2006 पासून आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. देवस्थानची समिती बदलते, कार्यालयातला संगणक बदलतो, पण जुनी फाइल उघडली पाहिजे, आणि तीही वार्षिक वर्गणी न भरता. माझ्या या हट्टाला पुतण्या भक्ती म्हणतो, म्हणो बापडा.