मुलांना लढायला शिकवताना

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत, मोठ्या मुलांचा वर्ग माझ्याकडे आहे, आठवी ते बारावीचा. नोकरी परिचारिकेची, इथंच सोलापुरात. एवढ्या वयाच्या मुलांना आत्मिक युद्धाबद्दल, म्हणजे सैतान आणि दुष्ट शक्तींशी विश्वासणाऱ्याच्या झगडण्याबद्दल, शिकवावं का, हा विषय मध्यंतरी पालकांच्या बैठकीत निघाला. मुलं घाबरतील, आधी प्रीतीचं शिकवा, असं काही पालक म्हणाले. काहींना वाटत होतं, शिकवाच, आणि चांगलं ठणकावून शिकवा. माझं मत त्या दिवशी मांडायला वेळ मिळाला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

शिकवायला हवंच. कारण मुलं हे शिकतातच आहेत, फक्त आपल्याकडून नाही. रात्री पांघरुणात मोबाइल घेऊन शिकतात. कोण कुठला प्रचारक ओरडून सांगतो की अमुक रंगाच्या दोऱ्यात दुरात्मा असतो, तमुक स्वप्न पडलं तर घराण्यावर शाप आहे. आणि मुलं ते वर्गात घेऊन येतात.

दहावीतली एक मुलगी अशीच एका रविवारी वर्ग सुटल्यावर थांबली. तिच्या घराला लागून एक तेलुगू कुटुंब राहतं, विणकरांचं. त्यांची आजी आयुष्यभर विड्या वळत आली. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोटं आपोआप चालू. ही मुलगी लहान असताना आई कामावर गेली की त्याच आजीजवळ असायची. तिच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन वाढलेली. आणि आता महिनाभर तिनं त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणाली, "टीचर, व्हिडिओत सांगितलंय, ज्या घरात दुसऱ्या देवांचे फोटो असतात तिथं गेलं की ते आपल्याला चिकटतात. आजी हाक मारते, मी ऐकलंच नाही असं दाखवते." हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या व्हिडिओवाल्याचा इतका राग आला की क्षणभर काही बोलवेना.

मग आम्ही तिथंच बाकावर बसून बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय उघडला. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, हे प्रेषित पौल देवाची शस्त्रसामग्री एकेक करून सांगण्याआधी सांगतो. मी तिला विचारलं, आजीला हाडंमांस आहे ना? मग ती शत्रू नाही. संपलं. ज्याला शरीर आहे, ज्याला भूक लागते, ज्याचे गुडघे दुखतात, असा कुणीही माणूस या लढाईत आपला शत्रू असूच शकत नाही. तो कुठल्या देवाला हात जोडतो याचा त्यात संबंध नाही. आपल्यात जो आहे तो जगात जो आहे त्यापेक्षा मोठा आहे, हे योहान लिहितो. मग येशूची झालेली मुलगी शेजारच्या उंबऱ्याला कशाला भिईल? त्याच संध्याकाळी ती गेली. आजीनं एवढंच विचारलं, "परीक्षा चालू होती का गं?"

व्हिडिओतला प्रचारक "तटबंदी" "तटबंदी" म्हणत होता, म्हणून पुढच्या आठवड्यात वर्ग भुईकोट किल्ल्यात भरवला. बहामनी काळातला किल्ला, गावाच्या मधोमध, एका अंगाला सिद्धेश्वराचा तलाव. तिथं मुलांना समजावून सांगावं लागत नाही. दुहेरी तट आहे, बुरूज आहेत, खंदक कुठून कुठं गेला ते दाखवता येतं. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहील, असा हिशेब करून बांधलेला. तरी 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांपुढं काही दिवसांत शरण आला. बुरुजाच्या सावलीत बसून करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा दहावा अध्याय वाचला. पौल ज्या तटबंद्या पाडतो म्हणतो त्या कसल्या, ते पुढच्याच ओवीत आहे: तर्कवितर्क, आणि देवाच्या ज्ञानाविरुद्ध उंच उभारलेलं सगळं काही. म्हणजे डोक्यातल्या भिंती. शेजाऱ्याच्या घराच्या नव्हेत. एका मुलानं लगेच विचारलं, "मग माझ्या डोक्यात कुठली आहे ते कसं कळणार?" प्रश्न इतका चांगला होता की पुढचे कित्येक वर्ग त्याच्यावरच गेले.

मी मुलांना चिठ्ठ्या दिल्या. नाव घालायचं नाही. या आठवड्यात स्वतःबद्दल मनात आलेलं सगळ्यात वाईट वाक्य लिहायचं, बस. मला वाटलं होतं मार्कांबद्दल लिहितील. काहींनी लिहिलंच. एकानं लिहिलं होतं की क्रिकेटच्या ॲपवर घरचे पैसे घालवले, आता मी चोरच आहे. एका चिठ्ठीवर बारीक अक्षरात होतं, "देवाला माझा कंटाळा आलाय."

आत्मिक युद्ध म्हणून मुलांना काही शिकवायचं असेल तर ते इथं शिकवायला हवं, असं मी अगदी ठामपणे म्हणते. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सैतानाचं वर्णन रात्रंदिवस दोषारोप करणारा असं आहे. हेच त्याचं रोजचं काम. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या अंगात येऊन तो घुमत नाही. तिच्याच आवाजात तिच्या कानात बोलतो.

जखऱ्याचा तिसरा अध्याय शब्बाथशाळेत फारसा कुणी शिकवत नाही, पण या वयाला त्याच्याइतका लागू पडणारा उतारा मला दुसरा सापडलेला नाही. मुख्य याजक यहोशवा देवदूतासमोर उभा आहे. अंगावर घाणेरडी वस्त्रं. उजव्या हाताला सैतान उभा, आरोप करायला. आणि लक्षात घ्या, वस्त्रं खरोखरच घाण आहेत, आरोप अगदीच हवेतला नाही. तरी परमेश्वर धमकावतो तो सैतानाला. यहोशवाबद्दल म्हणतो, हे आगीतून ओढून काढलेलं कोलीत आहे. मग ती वस्त्रं उतरवली जातात, नवी चढवली जातात, डोक्यावर स्वच्छ मंदील. या सगळ्यात यहोशवा एक अक्षर बोलत नाही. स्वतःची वकिली करावी लागत नाही त्याला.

त्यावरून मुलांना एक कसोटी दिली, आणि ती त्यांनी धरून ठेवली आहे. पवित्र आत्मा पापाची जाणीव देतो तेव्हा ती नेमकी असते: तू आईशी काल खोटं बोललास, जा, सांग. पुढं वाट असते. दोष लावणारा बोलतो तेव्हा सगळं मोघम असतं: तू असाच आहेस, तुझं काही होणार नाही. वाट कुठंच नसते. पैसे घालवलेल्या मुलानं कुणाला न विचारता घरी जाऊन वडिलांना सांगितलं. मार बसला का ते मी विचारलं नाही. पण पुढच्या रविवारी चिठ्ठी माझीच होती हे त्यानं आपणहून सांगितलं.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळली तर माझ्या पेशाशी बेइमानी होईल. भूतबाधा असते यावर माझा विश्वास आहे. शुभवर्तमान वाचणाऱ्याला ती नाकारता येणार नाही. पण मत्तयाच्या चौथ्या अध्यायात लोक कुणाकुणाला येशूकडे आणत होते त्याची यादी आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षघाती, अशी वेगवेगळी नावं घेऊन. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला यातला फरक कळत होता. मार्कच्या नवव्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलातून येशूनं आत्मा काढला, हेही खरं. पण तो अधिकार येशूचा, आणि त्यानं कुणाची गोळी बंद केली नव्हती. आमच्या वॉर्डात एक तरुण मुलगा आला होता, झटके थांबतच नव्हते. घरच्यांना कुणीतरी सांगितलेलं, प्रार्थनेनं मुक्त झालाय, आता गोळ्या म्हणजे अविश्वास. फिटच्या गोळ्या अशा एकाएकी सोडल्या की झटके पहिल्यापेक्षा भयंकर येऊ शकतात, जिवावर बेततं. तो वाचला. त्याची आई पायरीवर बसून "माझा विश्वास कमी पडला" असं रडत होती, आणि तो आरोप कुणाच्या बोलण्यातला होता ते मला ओळखू येत होतं. माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला हे पाठ आहे: प्रार्थना करायची आणि गोळीही घ्यायची. लूक वैद्य होता. शिवाय 2013 पासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणाला मारहाण करणं, उपचारापासून अडवणं हा गुन्हा आहे, करणारा कुठल्याही धर्माचा असो. आपल्या मंडळ्यांमध्ये हे उघडपणे सांगितलं जात नाही. सांगायला पाहिजे.

"पण टीचर, सत्ताधीश आणि अधिपती म्हणजे कोण मग?" बारावीतल्या मुलानं इफिसकरांसच्या त्याच अध्यायावरून विचारलं. अदृश्यातल्या दुष्ट शक्ती, हे मी मानते. पण त्यांचं काम कुठं दिसतं, तर खोट्यावर सरकारी शिक्का बसतो तेव्हा दिसतं. सोलापुरातल्या मुलाला यासाठी लांब जावं लागत नाही. सेटलमेंट या वस्तीचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, ते कशावरून पडलं हे ठाऊक नसतं. 1871 साली इंग्रजांनी कायदा केला आणि कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. मूल पाळण्यात आहे, आणि गुन्हेगार. इथं तारेच्या कुंपणात त्या लोकांना ठेवलं, हजेरी घेतली. कायदा रद्द व्हायला 1952 उजाडलं. आणि त्या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता, म्हणजे ज्यांनी आमच्या पूर्वजांना शाळा दिल्या, वचन दिलं, त्यांच्याचकडे. मुलांपुढं हे बोलताना मला जड गेलं. पण शस्त्रसामग्रीत पहिलं येतं ते सत्यानं कंबर बांधणं, आणि ते आपल्याला न आवडणाऱ्या इतिहासालाही लागू आहे. वर्गातल्या एका मुलाचं आजोळ त्याच वस्तीत आहे. त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा आपल्या आजोबांबद्दल सगळ्यांसमोर सांगितलं आणि बाकीच्यांनी ऐकलं.

पुठ्ठ्याचं शिरस्त्राण, चांदीच्या कागदाची तलवार, हे सुट्टीतल्या पवित्र शास्त्र शाळेत लहानांसाठी ठीक आहे. मोठ्यांना मी सांगते की पौल हे बेड्यांत असताना लिहितोय, रोमी शिपाई त्याच्या रोजच्या नजरेसमोरचा आहे. शिपायाची ढाल साधारण मीटरभर उंच, लाकडाचे पातळ थर चिकटवून वर कातडं चढवलेली. ती एकट्यासाठी नव्हती. ओळीनं उभं राहून एकाची ढाल दुसऱ्याच्या ढालीला भिडवली की बाण आत शिरत नसे. आणि इफिसमधल्या विश्वासणाऱ्यांना नुसतं नाव घेऊन दुरात्मे काढायला गेलेल्या स्किवाच्या सात मुलांची गोष्ट माहीत असणारच, प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय. "येशू मला ठाऊक आहे, पौल ठाऊक आहे, तुम्ही कोण?" असं म्हणून त्या भूतग्रस्त माणसानं त्यांना उघडंनागडं पळवून लावलं. मुलांना ही गोष्ट भारी आवडते. मी हसू देते आणि मग विचारते, तुझं नाव तिकडं ठाऊक आहे का? शिष्य आनंदानं परत आले, भुतं आम्हाला वश होतात म्हणाले, तेव्हा येशूनं त्यांना सांगितलं की त्याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत त्याचा करा.

घाई मला एकाच गोष्टीची आहे. बारावी झाली की आमची मुलं सोलापुरात राहत नाहीत. गिरण्या गेल्या, यंत्रमागांवर घर चालेल अशी मजुरी नाही. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जातात, हडपसरला नाहीतर वाकडला चौघांत एक खोली, आणि रविवारची सकाळ झोपण्यात जाते. तिथं दोष लावणारा असतो, नेमका रात्री अकराला. माझ्याकडे त्यांची पाच वर्षं असतात, तीही रविवारचा तास-सव्वातास.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही जोडीदार लावून देतो. पुण्यात आधी गेलेला मोठा, नवा गेलेला लहान. मुलींना ताई, मुलांना दादा. रविवारी रात्री नऊला फोन. पहिला प्रश्न ठरलेला आहे: या आठवड्यात तुझ्याबद्दल काय खोटं ऐकलंस? मग एक वचन, मग एकमेकांसाठी प्रार्थना, आणि रूममेटसाठीही, तो कुणीही असो. इफिसकरांसच्या त्या उताऱ्याच्या शेवटी पौल तेच मागतो, सर्व पवित्र जनांसाठी जागत राहून विनंती करा, आणि माझ्यासाठीही. यंदा जाणाऱ्या दोन मुलींना पुण्यात अजून ताई मिळालेली नाही. आमच्या मंडळीतून तिकडं स्थायिक झालेल्या कुणी हे वाचत असाल, तर मला कळवा.