आईच्या अंगठ्यापायी अडकलेली दिवाळी

मला तीन बहिणी, पाच भाचे-भाच्या. अन् भाऊबीजेच्या टायमाला हातात पैसा नसतो, कारण सोयाबीन एकतर खळ्यावर पडलेलं असतं नाहीतर ओलं आहे म्हणून व्यापारी भाव पाडून मागतो. आधी मी साड्या उधारीवर उचलायचो, कापूस विकला की फेडायचो, अन् उधारीवाल्याला भाव करता येत नाही, दुकानदार देईल ते मुकाट घ्यायचं. म्हणून 2024 च्या दिवाळीनंतर आईनं तिच्या खात्यात महिन्याला 500 टाकणं सुरू केलं, फक्त लेकींसाठी. वर्षात 6000 जमले.

2025 ची भाऊबीज 23 ऑक्टोबरला होती. दहा-बारा दिवस आधी तालुक्याला बँकेत पैसे काढायला गेलो तर म्हणे खातं बंद, केवायसी (म्हणजे खातेदाराची ओळख-पत्ता तपासणं) बाकी आहे, अंगठा लावा. आईनं लावला. मशीनवर लाल लाईट. सोंगणी चालू होती, इळ्यानं अन् धसकटानं तिच्या बोटांना चिरा पडलेल्या, अंगठ्याच्या रेषा तर दिसतच नव्हत्या. तिनं पदरानं पुसला, ओल्या फडक्यानं पुसला, मग एकेक करून दहाही बोटं लावली. मागं लाईन लागलेली, ती माझ्याकडं अशी पाहे जशी तिचीच काही चूक झाली. "उद्या या."

उद्या गेलो तर सर्व्हर डाऊन. तिसऱ्या दिवशी परत अंगठा, परत लाल लाईट, वरून सांगितलं आधार केंद्रावर जाऊन ठसे अपडेट करून आणा. ऐन सोंगणीत तीन दिवस वावर सोडून आम्ही दोघं फिरतोय. एसटीत आई म्हणे, "जाऊ दे बाप्पा, उधारीच कर या वर्षी." मला ते फार लागलं. बाईनं वर्षभर एकेक पैसा धरून ठेवला तो याच्यासाठी का?

चौथ्या दिवशी दुसऱ्या टेबलावरच्या मॅडमनं विचारलं, पत्ता-बित्ता बदलला का? नाही म्हटलं. मग त्यांनी एक फॉर्म दिला, माहितीत काही बदल नाही असं लिहून आईची सही घेतली, झालं दहा मिनिटात. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, बदल नसेल तर लिहून दिलेलं चालतं. हे पहिल्या दिवशीच सांगता येत नव्हतं का? दोन दिवसांनी खातं चालू झालं. म्हणून सांगतो, पोळा झाला की एकदा पासबुक घेऊन खातं चालू आहे का ते विचारून या.

खरेदी एका दिवसात उरकली. अमरावतीजवळ नांदगाव पेठला ठोक कापड मार्केट आहे तिथं गेलो, आईला एसटीत हाफ तिकीट. काही दुकानं सेटच देतात, एक डिझाईन चार रंग, ते आमच्या कामी पडलं: तीन बहिणी अन् बायको, सगळ्यांची साडी सारखी, कुरकुर नाही. 2600 मध्ये चार. पोरांचे कपडे घेताना बिल पाहा, 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारापर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्केच जीएसटी आहे. रोख होती म्हणून भावही करता आला.

अन् हो, फॉर्म दिला की शिक्का मारलेली पोच मागून घ्या. आमची आईच्या पासबुकात अजून आहे, ती काढूच देत नाही.