लेप दिसतो का? प्लॅस्टिकलेपित कापडाच्या शुल्क-वर्गीकरणाविषयी

आयात मालाची कागदपत्रे तयार करण्याच्या कामात मी अनेक वर्षे आहे, आणि प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या कापडाइतका वाद मी दुसऱ्या कोणत्याही साध्या मालावरून झालेला पाहिलेला नाही. इन्व्हॉइसवर ‘बॅग फॅब्रिक’, ‘सोफा मटेरियल’, ‘रेनकोट क्लॉथ’ किंवा नुसते ‘रेक्झिन’ असे लिहिलेले असते. म्हणजे माल कशासाठी वापरायचा ते कळते. तो कसा बनलेला आहे, हे मात्र त्यातून कळत नाही, आणि कस्टम्स टॅरिफला नेमके तेच विचारायचे असते. पुरवठादाराने छापलेला वर्गीकरणाचा कोड तसाच उतरवून घेण्याची सवयही सर्रास आढळते. पहिले सहा अंक जगभर सारखे असले, तरी त्या अंकांची निवड करण्याची जबाबदारी २०११ पासून आपल्याकडे स्वयं-निर्धारणाच्या (म्हणजे शुल्क आयातदारानेच ठरवण्याच्या) तरतुदीमुळे आयातदारावरच आहे.

सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत अशा कापडासाठी हेडिंग (चार अंकी वर्ग) ५९०३ आहे. त्यात पीव्हीसीचा लेप असेल तर ५९०३ १०, पॉलियुरेथेनचा असेल तर ५९०३ २० आणि इतर प्लॅस्टिकचा असेल तर ५९०३ ९०, अशी विभागणी आहे. इथवर सगळे सरळ वाटते. अडचण अशी की याच मालावर एका बाजूने प्लॅस्टिकचे प्रकरण ३९, विशेषतः प्लॅस्टिकच्या पत्र्यांचे हेडिंग ३९२१, हक्क सांगते आणि दुसऱ्या बाजूने मूळ कापडाची ५० ते ५५, ५८ आणि ६० ही प्रकरणे. या तिघांमधील सीमारेषा प्रकरण ५९ च्या टीप २ मध्ये आखलेली आहे, आणि ती वाचण्याआधीच लोक वाद घालायला बसतात.

सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद वजनाचा असतो: मालात ७० टक्के प्लॅस्टिक आहे, कापड नावालाच आहे, तेव्हा हे प्लॅस्टिकच. वर्गीकरणाच्या सामान्य नियमांपैकी नियम ३ मधील ‘मूलभूत स्वरूपा’ची, म्हणजे मालाला त्याचे मुख्य रूप कोणत्या घटकामुळे येते याची, कसोटी इथे ओढूनताणून आणली जाते. परंतु नियम १ प्रमाणे हेडिंगचे शब्द आणि टिपा आधी वाचायच्या असतात, आणि टीप २ स्पष्टच म्हणते की प्रति चौरस मीटर वजन कितीही असो, प्लॅस्टिक भरीव असो वा फेसाळ, लेपित कापड ५९०३ मध्येच जाईल. मात्र त्यानंतर दिलेल्या अपवादांत ते बसता कामा नये. त्यामुळे प्रयोगशाळेच्या अहवालातील टक्केवारीने हा प्रश्न सुटत नाही. अहवाल मागवायचाच असेल तर लेप कोणत्या प्लॅस्टिकचा आहे, तो एका अंगाला आहे की दोन्ही, थर फेसाळ आहे की भरीव आणि आधाराचे कापड विणलेले आहे की नाही, हे प्रश्न लिहून द्यावेत.

पहिला अपवाद नजरेचा आहे. लेप नुसत्या डोळ्यांनी दिसत नसेल तर कापड ५९०३ मधून बाहेर पडते आणि बहुधा आपल्या मूळ प्रकरणात परत जाते. लेपामुळे रंगात झालेला बदल मात्र हिशेबात धरायचा नसतो. छत्रीचे पातळ नायलॉन याचे उत्तम उदाहरण आहे. हाताला ते किंचित कडक लागते, पाण्याचा थेंब त्यावरून घरंगळतो, परंतु उजेडात तिरपे धरून पाहिले तर दोन्ही अंगांना धाग्यांची वीण सारखीच मोकळी दिसते. पाणी अडते म्हणजे लेप आहे, हे खरे. पण टीप लेप ‘असण्या’वर थांबत नाही, तो ‘दिसण्या’ची अट घालते. त्याच जातीच्या कापडावर मागच्या अंगाला दाट थर दिलेला असेल, धाग्यांमधली छिद्रे बुजून सपाट पापुद्रा दिसत असेल, तर उत्तर बदलते. या दोन टोकांच्या मधला माल खरी डोकेदुखी असतो, कारण तिथे दोन अधिकारी एकाच तुकड्याकडे पाहून प्रामाणिकपणे दोन मते देऊ शकतात.

दुसरा महत्त्वाचा अपवाद दोन्ही अंगांचा आहे. कापड प्लॅस्टिकमध्ये पूर्णपणे बुडालेले असेल किंवा दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेले असेल, आणि ते झाकण डोळ्यांना दिसत असेल, तर माल प्रकरण ३९ मध्ये जातो. चौकाचौकांत नेत्यांच्या वाढदिवसाला झळकणारे फ्लेक्स याच जातीचे असते. त्याची कड कापून सुईने उसवली की आत पॉलिस्टरच्या धाग्यांची विरळ जाळी मिळते. वर आणि खाली पीव्हीसी. अशा मालासाठी ५९०३ चा आग्रह धरणाऱ्यांना मी टिपेचे हे एकच कलम दाखवतो.

रेक्झिनचा मामला अधिक नाजूक आहे. फेसाळ प्लॅस्टिकच्या पत्र्याला कापड केवळ मजबुतीसाठी जोडलेले असेल, तर तेही प्रकरण ३९ मध्येच जाते. केवळ मजबुतीसाठी म्हणजे काय, याचे मार्गदर्शन जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरण-टिपांत आहे: एकाच अंगाला लावलेले, नक्षी नसलेले, कोरे, विरंजित (ब्लीच केलेले) किंवा एकरंगी कापड हे मजबुतीसाठीच मानावे, छापील किंवा लव उठवलेले कापड असेल तर त्याला त्यापलीकडचे काम आहे असे धरावे. सोफ्याच्या रेक्झिनची कड भिंगाखाली धरली की पीव्हीसीच्या थरात बारीक बुडबुडे दिसतात की नाही ते कळते. बुडबुडे असतील आणि मागे साधे एकरंगी कापड असेल तर ३९२१ १२ चा विचार करावा लागतो. थर भरीव असेल आणि मागे विणलेले कापड उघडे असेल तर ५९०३ १०. दुकानात दोन्हींना रेक्झिनच म्हणतात.

आधाराचे कापड नॉनवोव्हन (न विणता, तंतू एकमेकांना जोडून केलेले) असेल तर ५९०३ चा प्रश्नच उद्भवत नाही, कारण प्रकरण ५९ च्या टीप १ मधील ‘कापडा’च्या व्याख्येत ते बसत नाही. बुटांसाठी येणारे मायक्रोफायबर लेदर बहुधा असेच असते. त्याच्यासाठी नॉनवोव्हनचे हेडिंग ५६०३ आणि प्रकरण ३९ यांच्यातच निवड करायची असते. चिकटवलेल्या फिल्मच्या कापडाबाबत १ जानेवारी २०२२ पासून नवी टीप लागू झाली आहे. तिच्यानुसार थर एकमेकांना जोडलेले असले की पुरे, कापलेल्या कडेत फिल्म डोळ्यांना दिसो वा न दिसो. दोन कापडांच्या मध्ये पातळ फिल्म असलेल्या जॅकेटच्या कापडाचा जुना वाद त्यामुळे बराच मिटला.

टीप २ मधील आणखी एक अपवाद, वाकवण्याची कसोटी, क्वचितच लागते. १५ ते ३० अंश तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांडीभोवती हाताने वाकवताना जो माल तडकतो तो बहुधा प्रकरण ३९ चा. साधी शिसपेन्सिल जवळपास तेवढ्याच जाडीची असते, त्यामुळे प्राथमिक अंदाज टेबलावरच घेता येतो. मे महिन्यात न्हावा शेवाच्या शेडमध्ये मात्र तापमानाचीच अट पाळली जाणार नाही.

माझ्याकडे येणाऱ्या आयातदारांना मी एकच आग्रह करतो: माल जहाजावर चढण्याआधी ए-फोर आकाराचा तुकडा मागवा आणि त्याच्या दोन्ही अंगांवर पुरवठादाराकडून कोणते अंग वरचे ते लिहून घ्या. बिल ऑफ एंट्रीतील (कस्टम्सला द्यायच्या आयात-घोषणापत्रातील) वर्णनात आधाराच्या कापडाचा प्रकार, लेपाचे प्लॅस्टिक, लेप असलेली बाजू आणि थराचे स्वरूप हे चारही तपशील द्यावेत. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम २८ खाली कमी भरलेल्या शुल्काच्या मागणीची नोटीस साधारणतः दोन वर्षांच्या आत येते, परंतु माहिती दडवल्याचा किंवा जाणूनबुजून चुकीची दिल्याचा आरोप झाला तर मुदत पाच वर्षांवर जाते, आणि वर्णन पहिल्या दिवसापासून पूर्ण असेल तर तो आरोप टिकणे अवघड होते. तोच माल वर्षानुवर्षे येणार असेल आणि तो वर सांगितलेल्या मधल्या पट्ट्यात पडत असेल, तर वर्गीकरण आधीच ठरवून देणाऱ्या मुंबईच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. तो निर्णय कायद्याने ठरवलेली मुदत संपेपर्यंत किंवा कायदा अथवा वस्तुस्थिती बदलेपर्यंत, जे आधी घडेल तोवर, अर्जदार आणि सीमाशुल्क अधिकारी दोघांनाही बांधून ठेवतो. अर्थात, नंतर येणारा प्रत्येक रोल अर्जासोबत दिलेल्या नमुन्याशी जुळला पाहिजे, हे कारखान्यालाही कळवून ठेवावे लागते.