नागपूरच्या उन्हात कॅटालेजचा प्रयोग : माझा अनुभव

आलूच्या फोडीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतो, हे कोणीही दाखवू शकतं. आलूतलं कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइड फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं, त्याचाच हा फेस. खरं काम सुरू होतं ते वायू किती वेगाने सुटतो हे मोजायला बसल्यावर. त्यातून नागपुरात एप्रिल-मेमध्ये बसलात, तर पुस्तकातल्या 'खोलीच्या तापमाना'ला काही अर्थ उरत नाही. कूलरसमोर एक तापमान, खिडकीपाशी दुसरं, आणि गच्चीवरच्या टाकीतून आलेलं पाणी तिसरंच. अकरावी-बारावीच्या प्रकल्पांसाठी हा प्रयोग करताना आणि करून घेताना जे हाती लागलं, ते इथे देतो आहे.

पेरॉक्साइड मेडिकलमधलंच चालतं. बाटलीवर 6 टक्के किंवा '20 व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे 1 मिलीतून साधारण 20 मिली ऑक्सिजन निघायला हवा. उष्णतेने आणि उजेडाने ते आपोआप विघटित होतं, त्यामुळे दुकानात उन्हात राहिलेली बाटली पातळ पाण्यासारखी निघू शकते. म्हणून आधी ताकद तपासायची: 1 मिली पेरॉक्साइडमध्ये भिजवलेलं यीस्ट भरपूर घालायचं आणि सुटणारा सगळा वायू मोजायचा. तीस अंशांच्या आसपास 22 मिलीच्या जवळपास आकडा आला तर माल चांगला. मग 10 मिली पेरॉक्साइडमध्ये 50 मिली डिस्टिल्ड वॉटर घालून 1 टक्का करायचं.

हे 1 टक्काच का, तर विघटनात उष्णता निघते, प्रत्येक मोलला सुमारे 98 किलोज्यूल. 6 टक्क्यांचं द्रावण पूर्ण विघटित झालं तर ते स्वतःच चाळीसेक अंशांनी तापेल. म्हणजे तुम्ही तापमानाचा परिणाम मोजायला निघालात आणि तापमान प्रयोगानेच बदललं! 1 टक्क्याला ही वाढ जास्तीत जास्त सात अंशांची. शिवाय पेरॉक्साइड फार झालं तर ते कॅटालेजलाच निकामी करतं. तीव्रता वाढवत नेली की वेगाचा आलेख वाकतो, त्यात या कारणाचाही हात असतो. तिथे लगेच 'विकर संपृक्त झालं' (म्हणजे सगळं विकर कामात गुंतलं, आता वेग वाढणार नाही) असं लिहून मोकळं होऊ नये.

कॅटालेज मिळतं ते आलूच्या अर्कातून. त्यासाठी 50 ग्रॅम सोललेला आलू, 100 मिली बर्फगार डिस्टिल्ड वॉटर, मिक्सरमध्ये वीसेक सेकंद थांबत थांबत. सलग फिरवला तर भांडं तापतं. सुती कापडातून गाळायचा, दहा मिनिटं बर्फात ठेवायचा, तळाशी स्टार्च बसला की वरचं पाणी हलकेच काढून घ्यायचं. हा अर्क बघता बघता तपकिरी होतो, पण तो उद्योग पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या दुसऱ्याच विकराचा. रंग बदलला म्हणजे कॅटालेज मेलं असं नाही. अर्क बर्फातच ठेवून दोन तासांत वापरावा. आलूऐवजी यकृत घेऊ नका. 1937 साली सम्नर आणि डाउन्स यांनी कॅटालेजचे स्फटिक गुरांच्या यकृतातूनच मिळवले होते, इतकं ते तिथे मुबलक असतं. फेस नळीत चढतो आणि मोजणं राहून जातं.

मांडणी साधी आहे. 100 मिलीचा शंकुपात्र, त्यात 10 मिली पेरॉक्साइड, रबरी बूच, बुचातून एक नळी (सलाइनच्या सेटची चालते) पाण्याच्या टबात उलट्या धरलेल्या 50 मिलीच्या मोजनळीत. बुचाला व्हॅसलीन. अर्क 2 मिली, सिरिंजने बुचातून टोचायचा. आत गेलेला 2 मिली अर्क तेवढीच हवा बाहेर ढकलतो, ती प्रत्येक वाचनातून वजा करायची. दर दहा सेकंदांनी एक मिनिटभर वाचन, आणि पात्र सारखंच हलवत राहायचं. हलवलं नाही तर ऑक्सिजन द्रावणात अडकून राहतो आणि मग एकदम सुटतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शेवटचा आकडा घेतल्याने. 10 मिली 1 टक्का पेरॉक्साइडमधून 36 मिलीच्या आसपासच ऑक्सिजन निघू शकतो, विकर कमी असो की जास्त. पुरेसा वेळ दिला की सगळ्या नळ्या तिथेच येऊ पाहतात. विकराची कार्यक्षमता कळते ती सुरुवातीच्या उतारावरून, म्हणजे पहिल्या तीसेक सेकंदांत. त्यातलीही पहिली काही सेकंदं मंद दिसतात, कारण आधी द्रावण ऑक्सिजनने भरावं लागतं.

आत घडतं काय? कॅटालेज चार तुकड्यांचं प्रथिन आहे, प्रत्येक तुकड्यात हीम नावाचा एक गट आणि त्यात लोह. पेरॉक्साइडचा पहिला रेणू लोहाला आपला एक ऑक्सिजन देऊन पाणी होऊन निघतो. दुसरा रेणू तो ऑक्सिजन परत उचलतो, त्यातून पाणी आणि ऑक्सिजन वायू सुटतो, लोह पूर्वस्थितीत. विकराशिवाय या विघटनाला प्रत्येक मोलला सुमारे 75 किलोज्यूल सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया सुरू होण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) लागते. कॅटालेज ती 25च्याही खाली आणतं. अडथळा मुळातच इतका बुटका असल्यामुळे 10 अंशांवरून 30 वर गेल्याने वेग मुलांना वाटतो तितका उसळत नाही. 'दर दहा अंशांना दुप्पट' हा ठोकताळा इथे ओढूनताणून बसवू नये.

तापमानासाठी 10, 20, 30, 40, 50, 60, 70 असे पाण्याचे टब. मे महिन्यात 30चा टबही बर्फ घालूनच करावा लागतो. पंचविशीच्या आसपासचं पाणी हवं असेल तर माठ कामी येतो. पेरॉक्साइड आणि अर्क वेगवेगळे त्याच टबात पाच मिनिटं ठेवून मगच मिसळायचे. नळी जोडायची तीही पात्र पूर्ण तापल्यावरच. तीस अंशांची 100 मिली हवा पन्नासवर नेली की साडेसहा मिलीने फुगते, आणि ती ऑक्सिजन म्हणून वहीत चढते.

आणखी एक मालिका नक्की करा: अर्क दहा मिनिटं 50, 60, 70वर ठेवायचा, बर्फात गार करायचा आणि सगळ्यांचं मोजमाप 30वरच घ्यायचं. गारठवलेलं विकर गरम झालं की पुन्हा कामाला लागतं. 70वरून परतलेल्याचा आकार मोडलेला असतो. अनुकूल तापमान म्हणून जो एक आकडा पाठ करतो, तो अर्क किती वेळ तापवला यावरही हलतो, हे या मालिकेत डोळ्यांनी दिसतं. उकळलेला नमुना हवाच, पण तो पातळ नळीतला अर्क असावा. आलूची अख्खी फोड पाच मिनिटं उकळून मधोमध कापली आणि वर पेरॉक्साइड टाकलं, तर कडांना बुडबुडे नाहीत आणि गाभ्यात बारीक बुडबुड्यांचा ठिपका असं चित्र हमखास दिसतं.

सामूच्या (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल वा अल्कधर्मी याचं माप) बाबतीत पहिली अडचण पेरॉक्साइडचीच. टिकावं म्हणून ते आम्लधर्मी ठेवलेलं असतं, त्यामुळे 7चा बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) मिसळून सामू पट्टीने मिश्रणाचा सामू तपासायचा, नुसत्या बफरचा नाही. आलूचं कॅटालेज 7च्या आसपास जोरात चालतं, व्हिनेगरमध्ये बसून जातं. धुण्याचा सोडा घातला तर पेरॉक्साइड विकराशिवायही विघटित होऊ लागतं. म्हणून प्रत्येक सामूला अर्काऐवजी साधं पाणी घातलेली जोडनळी ठेवायची. मोरचुदाचे थेंब टाकून विकर अडवतानाही हीच जोडनळी लागते, कारण तांबंही पेरॉक्साइड थोडंफार फोडतं.

संत्र्याचा रस घेण्याचा मोह इथे प्रत्येक गटाला होतो. आंबट रसात बुडबुडे जवळजवळ येत नाहीत. मग कोणीतरी खाण्याचा सोडा घालून रस उदासीन करतं, धो धो फेस येतो आणि 'संत्र्यातलं कॅटालेज जागं झालं' असं लिहिलं जातं. तो कार्बन डायऑक्साइड असतो. सोड्याचा फेस पूर्ण बसू द्या, सामू बघा, मग पेरॉक्साइड घाला, आणि जमलेल्या वायूत पेटत्या अगरबत्तीचं टोक धरा: ऑक्सिजन असेल तर निखारा फुलतो, कार्बन डायऑक्साइड असेल तर विझतो.