डोळ्यातली बाहुली आणि प्लेटोचा हात

‘प्लेटो म्हणतो’ असं लिहिताना जरा थांबावं. या ग्रीक तत्त्वज्ञाने आपलं लेखन बहुतेक संवादांच्या रूपात केलं, आणि बोलणारा बहुधा त्याचा गुरू सॉक्रेटिस असतो. या संवादांत प्लेटो स्वतः कधीच बोलत नाही. त्याचं नाव येतं तेही मोजून दोन कृतींत. ‘अपॉलॉजी’त तो सॉक्रेटिसवरच्या खटल्याला हजर असतो, आणि ‘फीडो’त, सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवशी, ‘प्लेटो बहुधा आजारी होता’ एवढीच नोंद. म्हणून ‘अमक्या संवादात सॉक्रेटिस म्हणतो’ असं लिहिणं जास्त बरोबर.

पुढचा प्रश्न: संवाद तरी त्याचाच का? परंपरेने त्याच्या नावावर ३६ कृती दिल्या, ३५ संवाद आणि एक पत्रसंग्रह. त्यांतल्या काहींबद्दल वाद आहे, आणि सगळ्यात चटका लावणारा वाद ‘पहिला ॲल्किबायडीझ’चा. प्राचीन काळी नवप्लेटोवादी, म्हणजे प्लेटोचा विचार पुढे नेणारे नंतरचे तत्त्वज्ञ, आपल्या शिष्यांना प्लेटो शिकवायला याच संवादापासून सुरुवात करत. एकोणिसाव्या शतकात प्लेटोचा जर्मन भाषांतरकार श्लायरमाखर याने तो प्लेटोचा नाही असं म्हटलं, आणि अभ्यासकांत अजून एकमत नाही.

यातलं एक पान मला फार मोलाचं वाटतं. ग्रीसमधल्या डेल्फीच्या मंदिरातला शिलालेख सांगतो, ‘स्वतःला ओळख’. सॉक्रेटिस विचारतो, हाच उपदेश डोळ्याला केला असता, ‘स्वतःला पाहा’ म्हणून, तर डोळ्याने कुठे पाहावं? आरशात, किंवा समोरच्याच्या डोळ्यात. तिथे पाहणाऱ्याचा चेहरा उमटतो. ग्रीकमध्ये त्या जागेला ‘कोरे’ म्हणतात, म्हणजे मुलगी, बाहुली. आपणही डोळ्यातली ‘बाहुली’च म्हणतो, त्यामुळे हा उतारा मराठीत जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. तसंच आत्म्याने स्वतःला ओळखायचं तर दुसऱ्या आत्म्यात पाहावं, तेही जिथे शहाणपण वसतं त्या भागात.

लगेच पुढे, १३३क (प्लेटोच्या ग्रंथांचा ठरलेला पानक्रमांक) च्या आसपास, देव हाच अधिक स्वच्छ आरसा असं सांगणाऱ्या काही ओळी आहेत. प्लेटोच्या हस्तलिखितांत त्या नाहीत. त्या युसेबियस या ख्रिस्ती बिशपने दिलेल्या उताऱ्यात आणि स्टोबायसने जमवलेल्या जुन्या उताऱ्यांच्या संकलनात सापडतात. म्हणजे संवाद अस्सल मानला तरी याच पानावर आणखी कुणाचा हात फिरला असण्याची शंका उरतेच.

मग निवाडा कशावर करायचा? ‘विषय प्लेटोचा आहे, म्हणून लेखकही तोच’ हे चालत नाही, कारण अकादमी या प्लेटोच्या शाळेतला शिष्यही गुरूचाच विषय घेऊन लिहिणार. ‘मांडणी फार सरधोपट आहे, म्हणून त्याची नाही’ हेही तितकंच कच्चं. उत्तम तेवढंच प्लेटोचं असं आधीच ठरवलं की दुसरं काय निघणार? कालविसंगतीवरही भिस्त ठेवू नये. ‘मेनेक्झेनस’मध्ये इ. स. पू. ३९९ मध्ये मेलेला सॉक्रेटिस ३८६ च्या तहाबद्दल बोलतो, तरीही बहुतेक अभ्यासक तो संवाद अस्सल मानतात, कारण प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल त्यातलं वाक्य उद्धृत करतो. अशी जवळच्या काळातली साक्ष सगळ्यात वजनदार.

शैलीची मोजणी त्यानंतर. १८६७ मध्ये अभ्यासक लुईस कॅम्पबेलने शब्दांच्या वापरावरून ‘सोफिस्ट’ आणि ‘स्टेट्समन’ हे उत्तरकाळातले ठरवले. पुढे लक्षात आलं की या दोन्हींत, तसंच ‘फिलीबस’, ‘टिमायस’, ‘क्रिटियस’ आणि ‘लॉज’मध्ये, शब्दाच्या शेवटच्या स्वराला पुढच्या शब्दाचा स्वर भिडू न देण्याची काळजी घेतली आहे. पण यातून मुख्यतः काळ कळतो, लेखक नव्हे, आणि छोट्या संवादात मोजायला पुरेसे शब्दच नसतात.

वाचताना १५७८ च्या स्टेफानस आवृत्तीचे पानक्रमांक जवळ ठेवा. सगळ्या चांगल्या भाषांतरांत ते समासात असतात. १३३क ला पोचलात की त्या ओळी कंसात आहेत, तळटीपेत आहेत, की गाळल्यात, ते आधी बघा.