मार्चमधली गारपीट आणि ओल्या फडक्याचा तापमापक

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात मराठवाड्यात हरभरा खळ्यावर असतो, ज्वारी काढणीला आलेली असते आणि वसमतकडे शिजवलेली हळद उघड्यावर वाळत पडलेली असते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत चाललेल्या गारपिटीने नेमके हेच दिवस गाठले. अशा वेळी ‘उद्या आभाळ येणार’ एवढं कळून भागत नाही. गारा पडणार, नुसतं वारं-वावधान सुटणार की चार थेंब पडून मोकळं होणार, यावर पुढची कामं ठरतात. मोबाइलमधलं ढगाचं चित्र तिन्हींसाठी एकच असतं.

गारपिटीला तीन गोष्टी लागतात: जमिनीलगत ओल, त्या ओलीवर वेळेवर सुटणारं झाकण आणि उंचावर गार, जोराचं वारं. पैकी शेवटच्या दोन गोष्टी संगणकाची मॉडेल्स बऱ्यापैकी सांगतात. ओलीत मात्र ती चुकतात, आणि तीच घरी मोजता येते.

त्यासाठी काचेचे दोन साधे तापमापक घ्या. आधी दोन्ही एकाच बादलीतल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून त्यांच्यात किती फरक येतो तो लिहून ठेवा. एकाच्या फुग्यावर धुतलेल्या मलमलीचा एकच पदर गुंडाळा आणि त्याचं शेपूट अरुंद तोंडाच्या बाटलीतल्या पाण्यात सोडा. जागा उत्तरेकडच्या सावलीची हवी, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच. पत्र्याखाली नको, पत्रा तापून आकडा फुगवतो. पाणी बोअरचं तर अजिबात नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार फडक्यावर बसतात, फडकं नीट भिजत नाही आणि ओला आकडा चढा दिसू लागतो. साठवलेलं पावसाचं किंवा एसीतून टपकलेलं पाणी चालतं. फडकं आठवड्याला बदला. वाचण्याआधी दोन-तीन मिनिटं पंख्याचा वारा द्या. हे टाळलं तर ओला तापमापक पुरेसा उतरत नाही आणि हवेत नसलेली ओल वहीत येते.

आता आकडे. दुपारी दोनला कोरडा ३८ आणि ओला २४ असेल तर तक्त्यावरून आपल्या उंचीवर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचं दव होऊ लागतं तो आकडा, साधारण १८ येतो. कोरडा ३८च, पण ओला १९ असेल तर दवबिंदू जेमतेम ७. कोरडं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला १२५ने गुणलं की ढगाचा तळ किती मीटरवर असेल ते ढोबळ कळतं: पहिल्या दिवशी अडीच हजार, दुसऱ्या दिवशी जवळपास चार हजार. चार हजारांवरून निघालेला पाऊस वाटेतच विरतो. त्याने गार झालेली हवा मात्र जड होऊन खाली आदळते. पत्रे उडतात, धूळ उठते, विजा पडतात आणि पर्जन्यमापक कोरडाच राहतो. माझी मोजपट्टी अशी: मार्चमध्ये दवबिंदू १०च्या आत असेल तर गारांची चिंता नको, १५च्या वर गेला की लक्ष ठेवा, १८ला ताडपत्री बाहेर काढा.

एकाच वेळचा आकडा मात्र फसवतो. सकाळी आठला दवबिंदू १७ आणि दुपारी दोनला ९, असं झालं तर ओलीचा थर पातळ होता. ऊन चढल्यावर वरची कोरडी हवा त्यात मिसळली. दुपारीही तो १६-१७वर टिकला तर थर जाड आहे. वारं आग्नेयेकडून असेल तर बंगालच्या उपसागराकडची ओल येत राहते; वायव्येकडे फिरलं की दोन-तीन तासांत आकडा कोसळतो. हवामान खात्याच्या पत्रकात मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे जाणारी द्रोणीय रेषा (कमी दाबाचा लांबट पट्टा) दिसली की वाऱ्याची दिशा दर तासाला टिपा. त्या रेषेच्या पूर्वेला आहात की पश्चिमेला, यावरच सगळं फिरतं.

झाकण म्हणजे दोन-तीन किलोमीटरवरचा उबदार, कोरडा थर. तो खालची हवा दाबून धरतो. विंडी या हवामानाच्या ॲपवर आपल्या गावावर बोट दाबून ‘साउंडिंग’, म्हणजे उंचीनुसार तापमानाचा आलेख, उघडलं की तो वक्राच्या उजवीकडे गेलेल्या फुगवट्यासारखा दिसतो. तिथला केप (CAPE) हा आकडा ढगाला वर चढायला मिळणारं इंधन सांगतो, सिन (CIN) हा झाकणाचा अडथळा. दुपारी तीनपर्यंत सिन ५०च्या खाली उतरत नसेल तर केप कितीही असो, आभाळ बहुधा येऊन निघून जाईल. केपची भीती उगाच पसरवली जाते. मेमध्ये २५०० असूनही नुसती धूळ उडू शकते आणि मार्चमध्ये १००० गारांना पुरतो.

कारण वरचं वारं. हवेचा दाब ५०० हेक्टापास्कल असतो त्या पातळीला, म्हणजे पावणेसहा किलोमीटरच्या आसपास, मार्चमध्ये पश्चिमेचं वारं ३० नॉटच्या (ताशी साधारण ५५ किलोमीटरच्या) वर आणि तापमान उणे १०च्या खाली असेल तर ढगाचा चढता झोत तिरका होतो. मग पाऊस त्याच झोतात पडून त्याला मारत नाही आणि गार वर तरंगत वाढते. शून्य अंशाची पातळी तेव्हा चार-साडेचार किलोमीटरवर असते. जुलैत ती साडेपाचच्या वर जाते, चढता झोतही मंद असतो, म्हणून ऐन पावसाळ्यात गारा पडत नाहीत. रानं पांढरी झाली की ‘आपल्याकडे बर्फवृष्टी’ म्हणून चित्रफिती फिरतात. हिमवर्षावाला गोठणारी हवा जवळजवळ जमिनीपर्यंत लागते, ती मराठवाड्यात कधी नसते.

वायुभारमापक असेल तर एक सापळा ओळखा. दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारला तीन-चार हेक्टापास्कलने उतरतो. त्या उतरणीला वादळ समजू नका. काल चारला किती होता त्याच्याशी आजचा आकडा ताडून बघा. मोबाइल ९५०च्या आसपास दाखवतो तोही बिघाड नव्हे, आपली उंची आहे.

उपग्रहाच्या चित्रावरची वेळ जागतिक असते. तीत साडेपाच तास मिळवा, नाहीतर सकाळचे ढग दुपारचे समजाल. इन्फ्रारेड चित्रात ढगमाथा उणे ६०च्या खाली गेला आणि मागच्या अर्ध्या तासात पसरला असेल तर ढग जोरात आहे. मार्चमध्ये असे ढग बहुधा पश्चिमेकडून पूर्वेला सरकतात, म्हणून बीड-धाराशिवकडचं आभाळ लातूर-नांदेडवाल्यांनी बघावं. मेमध्ये वरचं वारं मंदावतं. तेव्हा एका ढगातून सुटलेला गार वारा दुसरीकडे नवा ढग उभा करतो आणि दिशेवर विसंबता येत नाही. डोळ्यांनी बघताना माथ्याची कड तपासा: फुलकोबीसारखी टणक कड म्हणजे ढग अजून वाढतोय. हिरवट झाक म्हणजे हमखास गारा, ही समजूत मात्र खरी नाही.

पडल्यावर मोजायला फूटभर चौरस थर्मोकोलवर ॲल्युमिनियम फॉइल ताणून चिकटवा आणि विटांत घट्ट बसवा. खळगे मोजले की गारांची संख्या आणि आकार दोन्ही हाती येतात. ‘लिंबाएवढी’ हे भरपाईच्या अर्जात कुणी मानत नाही. पावसासाठी १६ सेंटिमीटर तोंडाची नरसाळी घेतली तर २० मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. गारा उसळून बाहेर जातात, त्यामुळे त्या दिवशीचा आकडा कमीच धरा. नोंद सकाळी साडेआठची, म्हणजे खात्याच्या आकड्यांशी जुळते.

विजेचा हिशेब सोपा आहे. चमक आणि गडगडाट यांच्यात तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की रान सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप पडलेल्या विजा दाखवतं, पण तुमच्या भागातली पहिली वीज पडेपर्यंत तेही रिकामंच असू शकतं. म्हणून हळद झाकायचं काम माथा वाढताना दिसला की लगेच उरका. गडगडाट सुरू झाल्यावर ताडपत्रीच्या टोकाला कुणी उभं राहू नये.